उचलण्याची ताकद जन्मजात असते का?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत वेटलिफ्टिंगविषयीचे प्रश्न बरेच आहेत आणि त्यांतील बहुतेक प्रश्न, वेगवेगळ्या शब्दांत का होईना, एकाच शंकेपाशी येऊन थांबतात : या खेळात यश मिळते ते रक्तातून, तंत्रातून की सरावातून? म्हणून हा अंक या एकाच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून गेले वर्षभर गावातील व्यायामशाळेत वेटलिफ्टिंगचा सराव करते. लाळेच्या नमुन्यावरून मुलांमध्ये ‘ताकदीचे जनुक’ आहे की नाही हे सांगणाऱ्या चाचणीची जाहिरात आमच्या पाहण्यात आली. ही चाचणी करून घेऊन मगच पुढचा खर्च करावा का?
— एक पालक, शिरोळ तालुका

उत्तर : चाचणी करू नका. तेवढ्या पैशांत मुलीला टाच उंच असलेले वेटलिफ्टिंगचे चांगले बूट घेऊन द्या. त्यांचा उपयोग पहिल्या दिवसापासून होईल. मात्र हा सल्ला नीट पटावा यासाठी त्यामागची कारणे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

अशा चाचण्यांत बहुधा एसीटीएन-३ या जनुकाची तपासणी केली जाते. अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन या जनुकावरून तयार होते आणि ते केवळ वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंतच आढळते. या जनुकाचे एक रूप असे आहे, की त्यात प्रथिनाची साखळी ५७७ व्या स्थानी अर्धवट थांबते. आई आणि वडील या दोघांकडूनही तेच रूप आले, तर त्या व्यक्तीच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००३ मध्ये वेग आणि ताकदीच्या खेळांतील १०७ अव्वल खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्यातील सुमारे ६ टक्के खेळाडूंत हे प्रथिन नव्हते, तर तुलनेसाठी घेतलेल्या सर्वसाधारण लोकांत ते नसलेल्यांचे प्रमाण १८ टक्के होते. जाहिरातीतील सगळा डौल या एका फरकावर उभा आहे.

हेच आकडे आता दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. १८ टक्के लोकांत हे प्रथिन नाही, याचा अर्थ ८२ टक्के लोकांत ते आहे. म्हणजे मुलीचा अहवाल ‘अनुकूल’ आला, तर ती दर पाच जणांतील चौघांसारखी आहे एवढेच तुम्हाला समजेल आणि तेवढ्या माहितीसाठी कोणी पैसे मोजू नयेत. अहवाल ‘प्रतिकूल’ आला तरी दार बंद होत नाही, कारण त्या १०७ खेळाडूंतही हे प्रथिन नसलेले काही जण होतेच. पुढे दोन ऑलिम्पिक स्पर्धांत उतरलेल्या एका स्पॅनिश लांबउडीपटूच्या शरीरातही ते नसल्याचे आढळले. ग्रीसमधील किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात ४० मीटर धावण्याच्या वेळेत जो फरक पडत होता, त्यातील फक्त २.३ टक्के वाटा या जनुकाच्या नावे लावता आला. २०१५ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी एकत्र येऊन निवेदनच काढले, की मुलांमधील गुणवत्ता हेरण्यासाठी किंवा त्यांचा सराव ठरवण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग करू नये.

यावरून ताकदीचा आनुवंशिकतेशी संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. संबंध आहे आणि तो चांगलाच दाट आहे. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करता, स्नायूंच्या ताकदीतील माणसामाणसांमधल्या फरकापैकी साधारण निम्मा फरक आनुवंशिक असल्याचे दिसते. परंतु हा निम्मा वाटा एका-दोघा जनुकांचा नसून शेकडो जनुकांच्या अगदी बारीक बारीक परिणामांची ती बेरीज आहे. त्यातील एक जनुक वेगळे काढून त्यावर मुलीचे भवितव्य सांगणे म्हणजे पत्रिकेतील एकच ग्रह पाहून लग्न ठरवण्यासारखे आहे. शिवाय ‘निम्मा’ या शब्दाचा अर्थही जपून घ्यावा लागतो. तुमच्या मुलीची निम्मी ताकद तुमच्याकडून आली, असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा लोकसमूहातील फरकाविषयीचा आहे आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. राष्ट्रीय शिबिरात सर्वांना एकच आहार, एकच प्रशिक्षक आणि एकच वेळापत्रक मिळते, त्यामुळे तिथे उरलेला फरक बव्हंशी जन्मजात ठरतो. याउलट एका गावात वजन उचलण्याचा प्लॅटफॉर्म आणि जाणता प्रशिक्षक आहे आणि शेजारच्या गावात दोन्हींपैकी काहीच नाही, अशा वेळी त्या दोन गावांतील मुलांमधला फरक जनुकांच्या माथी मारणे चुकीचे होय.

पालकांना आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सुरुवातीची ताकद वेगळी आणि सरावाने वाढण्याची क्षमता वेगळी. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५८५ स्त्रीपुरुषांनी बारा आठवडे आपल्या कमी वापराच्या हाताच्या दंडाचा एकच ठरावीक व्यायाम केला. काहींची ताकद जराही वाढली नाही, तर काहींची अडीचशे टक्क्यांपर्यंत वाढली. स्नायूच्या आकारातील बदलही किंचित घटीपासून ५९ टक्के वाढीपर्यंत पसरलेला होता. व्यायाम एकच, आठवडे तेवढेच, तरी फळ इतके वेगळे. या प्रतिसादक्षमतेतही आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. पण ती लाळेच्या नमुन्यात वाचता येत नाही, सराव करूनच कळते.

म्हणून मोजायचेच असेल, तर जनुकाऐवजी त्याचा परिणाम थेट मोजा. जागच्या जागी उभी उडी किती सेंटिमीटर जाते, ते भिंतीवर खडूने खूण करून दर तीन महिन्यांनी लिहून ठेवा. नवीन हालचाल दाखवल्यावर ती किती दिवसांत तिच्या अंगवळणी पडते, हे प्रशिक्षकांना विचारा. वर्षभरात तिने किती प्रगती केली, याची नोंद त्यांच्या वहीत असेलच. नसेल, तर ती ठेवायला सांगा. आणि सरावाला जायची वेळ झाली, की ती स्वतःहून पिशवी उचलते की तिला ढकलावे लागते, हे तर तुम्हाला घरबसल्या दिसते. या चार गोष्टी मिळून कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा अधिक सांगतात.

प्रश्न : कुरुंदवाडसारख्या लहान गावातून इतके वेटलिफ्टर घडतात, किंवा बल्गेरियासारखा छोटा देश एके काळी जगावर राज्य करत होता, ते त्या लोकांच्या रक्तामुळेच ना?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे चांगली आहेत, परंतु ती तुमच्या निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूने साक्ष देतात.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी यांनी ५६ किलो, ओंकार ओतारी यांनी ६९ किलो आणि चंद्रकांत माळी यांनी ९४ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड या एकाच गावचे तीन खेळाडू एकाच स्पर्धेत पदक घेऊन परतले. आता कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या या गावातील माणसांची जनुके शेजारच्या नृसिंहवाडीतील किंवा जयसिंगपुरातील माणसांपेक्षा वेगळी असण्याचे काहीच कारण नाही. तिथे पिढ्यानपिढ्या सोयरिकी होत आल्या आहेत. वेगळे आहे ते गावातील व्यायामशाळेचे वातावरण : लहान मुलांना शिकवणारे आणि चूक लगेच पकडणारे जाणते डोळे, सकाळ-संध्याकाळ सराव करणारी मोठी मुले आणि आपल्याच गल्लीतला मुलगा परदेशात जाऊन पदक घेऊन येतो, हे पाहिलेली पुढची पिढी. हेरल्या जाणाऱ्या मुलांची संख्या वाढली, की त्यांत जन्मजात अनुकूल शरीराची मुले सापडण्याची शक्यताही वाढते. जनुके सगळीकडे विखुरलेली असतात. ती हेरणारी व्यवस्था मोजक्याच ठिकाणी असते.

भावंडांच्या बाबतीत तर निष्कर्ष काढणे अधिकच अवघड होते. सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये (वजन एकाच हालचालीत डोक्यावर नेणे) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर नेणे) १३५ असे एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावले आणि सुवर्णपदक केवळ एका किलोने हुकले. त्याच वर्षी त्यांची धाकटी बहीण काजोल हिने पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत मुलींच्या ४० किलो गटात सुवर्णपदक मिळवले होते. एका घरात दोन पदके आली, की ‘रक्तातच आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु भावंडांची जशी निम्मी जनुके सारखी असतात, तसेच घर, ताट, सरावाची जागा आणि महत्त्वाकांक्षा हेही सारखे असते. हे दोन धागे एका कुटुंबाच्या उदाहरणात सोडवून दाखवता येत नाहीत. त्यासाठीच तर जुळ्यांचे अभ्यास करावे लागतात.

बल्गेरियाची गोष्ट वेगळी आहे आणि ती पूर्ण सांगितली पाहिजे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये या देशाने वेटलिफ्टिंगमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली आणि प्रशिक्षक इव्हान अबाजिएव्ह यांचे नाव जगभर झाले. देशभरातून मुलांची निवड, लहान वयापासून पूर्णवेळ सराव आणि सरकारी पैसा, असा तो कारखाना होता. मात्र १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बल्गेरियाचे दोन सुवर्णपदक विजेते उत्तेजक चाचणीत दोषी आढळले, त्यांची पदके काढून घेण्यात आली आणि संघाने उरलेल्या स्पर्धेतून माघार घेतली. पुढे २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकमधील जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा इतर अनेक देशांच्या वेटलिफ्टरांचीही पदके गेली. त्यामुळे एखाद्या देशाच्या पदकांच्या यादीवरून त्या देशातील लोकांच्या जनुकांविषयी अनुमान काढणाऱ्याने आधी ती यादी स्वच्छ आहे का, हे पाहावे.

प्रश्न : माझी उंची सहा फूट आहे. उंच माणसाने वेटलिफ्टिंगच्या नादी लागू नये, असे मित्र म्हणतात. खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हलक्या गटात उतरणार असाल, तर मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. तुर्कस्तानचे नईम सुलेमानोग्लू यांची उंची १ मीटर ४७ सेंटिमीटर होती आणि १९८८ मध्ये सोल येथे ६० किलो गटात त्यांनी १५२.५ आणि १९० असे एकूण ३४२.५ किलो वजन उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक! सहा फूट माणसाने ६० किलो वजनात राहायचे ठरवले, तर तेवढेच स्नायू लांबच लांब हाडांवर पसरावे लागतात. स्नायूची जाडी कमी पडते आणि बारला, म्हणजे वजने लावलेल्या दांडीला, अधिक अंतर न्यावे लागते, ते निराळेच. उलट सर्वांत वजनदार गटात जॉर्जियाचे लाशा तालाखाद्झे जवळजवळ १ मीटर ९७ सेंटिमीटर उंच आहेत आणि २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी २२५ आणि २६७ असे एकूण ४९२ किलो वजन उचलले आहे. तेव्हा प्रश्न उंचीचा नसून, त्या उंचीवर शोभेल एवढे स्नायूंचे वजन तुम्ही अंगावर आणू शकता का, याचा आहे. हौस म्हणून करणार असाल, तर हा विचारही सोडून द्या आणि खुशाल सुरू करा. मांडीचे हाड फार लांब असणाऱ्यांना खोल बसताना धड पुढे झुकण्याची अडचण येते. घोट्याची लवचीकता वाढवल्यास आणि उंच टाचेचे बूट वापरल्यास ती बरीच कमी होते.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा असून जिममध्ये १५० किलोचा स्क्वॉट मारतो, तरी माझा स्नॅच ६० किलोच्या पुढे जात नाही. प्रशिक्षक नुसते ‘टेक्निक सुधार’ म्हणतात. हे टेक्निक म्हणजे नेमके काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पाय तुमचे तयार आहेत, हे आकड्यांवरून दिसतेच. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक) आणि स्नॅच यांच्यातील तुमची दरी ताकदीची नाही, हे प्रशिक्षकांचे निदानही योग्य आहे. मात्र ‘सुधार’ एवढ्याने कोणाचे काही सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

आधी यातील भौतिकशास्त्र पाहू. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एकाच हालचालीत डोक्यावर जातो, असे आपण म्हणतो. पण प्रत्यक्षात कोणताही चांगला वेटलिफ्टर बारला डोक्यावर ‘नेत’ नाही. कंबर आणि गुडघे पूर्ण ताठ होतात, त्या क्षणी जड बारचा वरच्या दिशेचा वेग साधारणपणे सेकंदाला दीड ते दोन मीटर असतो. समजा, तो १.८ मीटर आहे. तिथून पुढे बारवर कोणतेच बळ लावले नाही, तर गुरुत्वाकर्षणामुळे तो जेमतेम १६-१७ सेंटिमीटर वर जाऊन थांबेल. याचा अर्थ असा, की बार छातीच्या आसपास पोहोचतो आणि उरलेले अंतर वेटलिफ्टरच खाली जाऊन भरून काढतो : पाय बाजूला सरकवून, हातांनी स्वतःला बारखाली खेचत, खोल बैठकीत बसून आणि तोवर हात डोक्यावर ताठ करून. ही खाली जाण्याची क्रिया सेकंदाच्या अंशात व्हावी लागते. ज्यांचे पाय बळकट असतात, ते बहुधा नेमके इथेच फसतात, कारण त्यांना बार आणखी वर ओढायची सवय असते. ६० किलो असे ओढता येतात, ८० किलो येत नाहीत.

दुसरी बाब वेळेची. अंतिम खेच, म्हणजे बार मांडीच्या वरच्या भागात आल्यापासून शरीर पूर्ण ताठ होईपर्यंतचा काळ, सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो. स्नायूला आपले कमाल बळ निर्माण करायला मात्र याहून बराच अधिक वेळ लागतो. सावकाश होणाऱ्या स्क्वॉटमध्ये तुमची जी ताकद दिसते, तिच्यातील बराचसा भाग स्नॅचच्या त्या क्षणी हाताशी येतच नाही. किती बळ आहे यापेक्षा ते किती झपाट्याने चढते, हे तिथे ठरते. वेगवान स्नायुतंतूंचे महत्त्व इथेच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आणि जागतिक पातळीवरच्या वेटलिफ्टरांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासले असता, २०१९ च्या अभ्यासानुसार, निम्म्याहून कितीतरी अधिक तंतू वेगवान प्रकारचे आढळले. असे तंतू काही प्रमाणात जन्मजात असतात, काही प्रमाणात वर्षानुवर्षांच्या स्फोटक सरावातून घडतात. तुमच्या हातात दुसरा मार्ग आहे.

तिसरी बाब बारच्या वाटेची. चांगल्या स्नॅचमध्ये बार सरळ रेषेत वर जात नाही. जमिनीवरून उठताना तो किंचित शरीराकडे येतो, कमरेपाशी स्पर्श होऊन थोडा पुढे जातो आणि खाली बसलेल्या वेटलिफ्टरच्या डोक्यावर येताना पुन्हा मागे वळतो. यात दोन चुका सर्वाधिक होतात. पहिली, जमिनीवरून बार हिसडून उचलणे : त्यामुळे नितंब आधी वर येतात, धड पुढे पडते आणि बार शरीरापासून लांब जातो. दुसरी, कमरेने बारला आदळून पुढे ढकलणे : आवाज मोठा येतो, समोरचे लोक खूश होतात आणि बार पुढच्या बाजूला पडतो. गुडघ्यापर्यंतची खेच मुद्दाम संथ ठेवा, पाठ ताठ आणि खांदे बारच्या किंचित पुढे राहू द्या आणि वेग गुडघ्याच्या वर गेल्यावरच वाढवा. अंगठा बारभोवती लपेटून त्यावर पहिली दोन बोटे दाबण्याची पकड, जिला हुक ग्रिप म्हणतात, ती अद्याप शिकला नसाल, तर आजच सुरू करा. पहिले काही आठवडे अंगठा दुखेल.

तंत्राचे मोल किती असते, हे पाहण्यासाठी टोकियो ऑलिम्पिकमधील ४९ किलो गटाचे आकडे पुरेसे आहेत. चीनच्या होऊ झिहुई यांनी स्नॅचमध्ये ९४ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११६ असे २१० किलो उचलून सुवर्णपदक मिळवले. मीराबाई चानू यांनी ८७ आणि ११५ असे २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. क्लीन अँड जर्कमध्ये दोघींत अवघा एक किलो फरक आणि स्नॅचमध्ये सात! त्याच वर्षी ताश्कंद येथे मीराबाईंनी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा जागतिक विक्रम केला होता, म्हणजे ताकदीत त्या जगात कोणापेक्षाही उण्या नव्हत्या. सहसा उत्तम वेटलिफ्टरचा स्नॅच हा त्याच्या क्लीन अँड जर्कच्या ८० टक्क्यांच्या आसपास असतो : सुलेमानोग्लू यांचा सोल येथे ८० टक्के, तर २००० साली सिडनीत ११० आणि १३० किलो उचलून भारतीय महिलांचे पहिले ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या कर्णम मल्लेश्वरी यांचा सुमारे ८५ टक्के. मीराबाईंचा टोकियोत ७६ टक्क्यांच्या जवळ होता. खांद्याच्या असमतोलाने त्यांना स्नॅचमध्ये सतावले होते आणि त्यावर काम करण्यासाठी त्या २०२० मध्ये अमेरिकेतही गेल्या होत्या. इतक्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूलाही जे अवघड जाते, ते तुम्हाला वर्षभरात साधले नाही, म्हणून निराश होऊ नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर त्या १९९ किलो उचलून चौथ्या आल्या आणि कांस्यपदक एका किलोने गेले.

तुम्ही स्वतःसाठी हाच हिशेब करा. तुमचा क्लीन अँड जर्क ७५ किलोच्या आसपास असेल, तर दोष दोन्ही प्रकारांत समान आहे आणि अंतिम खेचेवर काम हवे. तो १०० च्या पुढे असेल, तर दोष खास स्नॅचचा आहे : बहुधा खांदा आणि घोटा पुरेसे मोकळे नसल्याने तुम्ही खोल बसायला कचरता. मग रिकामा बार डोक्यावर धरून बैठका मारणे हेच तुमचे पुढचे काही महिने असू द्या. कंटाळवाणे आहे, पण स्क्वॉटमध्ये आणखी दहा किलो वाढवण्यापेक्षा ते अधिक फळ देईल.

प्रश्न : लहान वयात वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, असे घरातील मोठी माणसे म्हणतात.
— एक आजी, फोंडा

उत्तर : जाणत्याच्या देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या सरावाने उंची खुंटत नाही, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही मत तेच आहे. हा समज कशातून आला, ते मात्र समजण्यासारखे आहे. हलक्या गटांत यशस्वी होणारे वेटलिफ्टर ठेंगणे असतात, कारण ठेंगण्या शरीराला हा खेळ मानवतो. खेळाने त्यांना ठेंगणे केले नाही, खेळाने त्यांना निवडले. हाडांच्या टोकांजवळील वाढीच्या कूर्चेला इजा होऊ शकते. ती बहुधा देखरेखीविना, मित्रांत पैज लावून जड वजन उचलताना होते. नातवाला प्रशिक्षक काठीवर शिकवत असतील, तर निर्धास्त राहावे.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. काही प्रशिक्षक बल्गेरियन पद्धतीने रोज कमाल वजन उचलायला लावतात, काही जण टक्केवारीचे तक्ते वापरतात. शाळकरी मुलांसाठी कोणती पद्धत घ्यावी?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : बल्गेरियन पद्धत मुलांसाठी घेऊ नका. अबाजिएव्ह यांचा विचार असा होता, की ज्या हालचालीत स्पर्धा करायची, तीच रोज, दिवसातून अनेकदा, त्या दिवसाच्या कमाल वजनापर्यंत करायची. बाकीचे व्यायाम जवळजवळ गाळून टाकायचे. विशिष्ट हालचालीचा भरपूर सराव हवा, हा त्यातील विचार मोलाचा आहे. परंतु ती पद्धत ज्यांच्यावर वापरली गेली ते देशभरातून निवडलेले, पूर्णवेळ सराव करणारे खेळाडू होते, जे मोडले ते यादीतून गळाले, आणि उत्तेजकांचा काय भाग होता, ते वर सांगितलेच आहे. टिकून राहिलेल्यांकडे पाहून पद्धत चांगली ठरवणे, हा या खेळातला जुना दोष आहे.

सोव्हिएत प्रशिक्षकांनी याउलट वर्षानुवर्षांच्या सरावाच्या नोंदींवरून तक्ते तयार केले. त्यांतील अलेक्सांद्र प्रिलेपिन यांचा तक्ता आजही बऱ्याच ठिकाणी भिंतीवर लावलेला दिसतो. त्यानुसार कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्के वजनावर एका व्यायामात एकूण अठराच्या आसपास उचली, एका खेपेला तीन ते सहा. ८० ते ९० टक्क्यांवर एकूण पंधराच्या आसपास, एका खेपेला दोन ते चार. ९० टक्क्यांच्या वर एका खेपेला एक किंवा दोन आणि एकूण उचलीही मोजक्याच. या आकड्यांमागचे सूत्र असे आहे, की तंत्र बिघडू लागण्याच्या आधी खेप थांबावी. हाही तक्ता कसलेल्या खेळाडूंच्या नोंदींवरून केलेला आहे, त्यामुळे मुलांना तो जसाच्या तसा लावू नये.

शाळेत पहिले सहा महिने लाकडी काठी किंवा हलका बार पुरे. पुरुषांचा स्पर्धेचा बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो. तोही अनेक मुलांना सुरुवातीला जड असतो, याचा शिक्षकांना विसर पडतो. शिकवताना वरून खाली या : आधी मांडीपासून, मग गुडघ्यापासून आणि सरतेशेवटी जमिनीवरून. आठवड्यातून तीन दिवस एक तासाचे सत्र, त्यात धावणे, उड्या आणि दोरीवर चढणे यांनाही जागा द्या, कारण बारा वर्षांच्या मुलाला एकाच खेळात बांधून घालण्याची घाई नसावी. कमाल वजनाची चाचणी पहिल्या वर्षी घेऊच नका. स्पर्धेसाठी कोणाचेही वजन उपाशी ठेवून कमी करू नका; वाढत्या वयातील मुलाने वरच्या गटात उतरावे. तुमच्याकडे प्लॅटफॉर्म नसेल, तर जाड लाकडी फळ्यांवर रबरी चटई टाकून तो बनवता येतो. मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून मुलांना त्यांची उचल लगेच दाखवत जा. बार शरीरापासून दूर गेलेला त्यांना स्वतःलाच दिसतो आणि मग तीच चूक दहा वेळा ओरडून सांगावी लागत नाही.